उंचीवर आठ म्हणजे साडेसहा

१९९९ च्या कारगिल युद्धात तोलोलिंग आणि टायगर हिलच्या लढाया साधारण साडेचार ते पाच हजार मीटर उंचीवर झाल्या. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. गोळी लागलेल्या जवानाला तिथून आधी साथीदारांनी उचलून खाली आणायचे आणि मग हेलिकॉप्टरची वाट पाहायची. अशा जखमीवरचे उपचार आपण मैदानातल्या रुग्णालयांत ठरलेल्या आकड्यांवर बेततो. माझे म्हणणे असे की, उंचीवर हे आकडे फसवे ठरतात. म्हणून रक्तस्रावाचा खरा उपचार खालच्या रुग्णालयात नव्हे, तर कड्यावरच सुरू झाला पाहिजे.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन जास्तीत जास्त १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. रक्तस्राव आणि सलाईन यांमुळे १०० मिलिलिटर रक्तातले हिमोग्लोबिन ८ ग्रॅमवर आले, तर मुंबईत ९८ टक्के संपृक्ततेला (म्हणजे ९८ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले असताना) तेवढ्या रक्तात साडेदहा मिलिलिटर ऑक्सिजन उरतो. पाच हजार मीटरवर संपृक्तता ८० टक्के धरली, तर उरतो फक्त ८.६. म्हणजे तिथले ८ हे मुंबईतल्या साडेसहाच्या बरोबरीचे. अतिदक्षता विभागातल्या, रक्तस्राव थांबलेल्या रुग्णाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त द्यावे, हा प्रघात १९९९ सालीच प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीने रूढ केला. कड्यावर तो डोळे मिटून पाळणे धोक्याचे. हाच हिशेब उलटाही चालतो: मास्क लावून संपृक्तता ९८ वर नेली, तर ऑक्सिजनवहनापुरता त्याचा लाभ जवळजवळ दोन पिशव्या रक्ताइतका होतो. मात्र गारठलेल्या बोटावर ऑक्सिमीटर नीट आकडा दाखवत नाही, म्हणून त्याची वाट न पाहता मास्क लावावा.

उंचीला सरावलेल्या जवानाचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, मग त्याला धोका कमी नाही का? पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ बरीचशी रक्तद्रव घटल्यामुळे दिसते. रक्त दाट होते, पण त्याचा एकूण साठा वाढत नाही, आणि हृदय आधीच जोरात धावत असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: वेळ न दवडता खाली न्यावे, हे बरे नव्हे का? २०१८ च्या दोन अमेरिकी चाचण्या इथे बोलक्या आहेत. हवाई रुग्णवाहिकेतच जखमींना प्लाझ्मा (रक्तद्रव) दिल्यावर तीस दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून सुमारे २३ वर आले. डेन्व्हर शहरात, जिथे रुग्णालय जवळ होते, तिथे फायदा दिसला नाही. वाट लांब असेल तेव्हाच वाटेतला उपचार जीव वाचवतो, आणि डोंगरातून उतरण्याइतकी लांब वाट क्वचितच असते. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या औषधाचेही तसेच. वीस हजारांहून अधिक जखमींवरील २०१० च्या चाचणीत ते तीन तासांच्या आत उपयोगी ठरले, नंतर दिले तर उलट घातक. ते तीन तास उतरण्यातच सरू शकतात.

राहिला ओझ्याचा प्रश्न. रक्ताच्या पिशव्या २ ते ६ अंशांत ठेवाव्या लागतात. गोठल्या की तांबड्या पेशी फुटतात. म्हणून सगळेच वर न्यावे असा आग्रह नाही. टूर्निके (रक्तस्राव थांबवण्यासाठी हातपायांवर आवळायचा पट्टा), ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, ऊब देणारे वेष्टण, लहान ऑक्सिजन सिलिंडर आणि फ्रेंच लष्कर वापरते तसा साध्या तापमानात टिकणारा भुकटीरूप प्लाझ्मा एवढे पाठीवर मावते. गार सलाईनच्या बाटल्या मात्र खालीच राहू द्याव्यात; त्या रक्त पातळ करतात, शरीर थंड करतात आणि रक्त साकळू देत नाहीत. तेवढ्याच वजनात प्लाझ्मा आणि ऑक्सिजन वर जाऊ शकतो.