मुक्त संगणकप्रणाली आणि वर्गातील ध्वनिमुद्रण प्रकल्प

प्रस्तावना :
अध्यापनासाठी संगणकीय साधन निवडताना ते विनामूल्य आहे काय, एवढाच निकष बहुधा लावला जातो. हा निकष अपुरा आहे. गूगलचा 'जॅमबोर्ड' हा विनामूल्य संगणकीय फलक ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. त्यापूर्वी २०१६ मध्ये 'पिकासा' आणि २०१७ मध्ये 'विंडोज मूव्ही मेकर' मागे घेण्यात आले. साधनाचा मालक जे फुकट देतो, ते तो केव्हाही काढून घेऊ शकतो. विद्यार्थ्यांचे काम मात्र त्यात अडकून पडते.

मोफत आणि मुक्त :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. त्यातून रुजलेल्या विचारानुसार प्रणाली वापरणे, तिची रचना अभ्यासणे, तीत बदल करणे आणि तिच्या प्रती वाटणे ही चार स्वातंत्र्ये ज्यात असतात, ती प्रणाली 'मुक्त' होय. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली 'ऑडॅसिटी' ही ध्वनिसंपादन प्रणाली याच वर्गातील आहे. ती प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर बसविता येते, विद्यार्थ्यांना तिची प्रत देता येते आणि मुद्रण व संपादनासाठी इंटरनेट लागत नाही.

प्रकल्पाची कार्यपद्धती :
मराठी विभागासाठी जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण हा सुलभ प्रकल्प ठरतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, हा त्यामागील भक्कम आधार आहे. विद्यार्थ्यांनी मोबाइलवर मुद्रण करतानाही गायनापूर्वी काही सेकंद शांतता मुद्रित करावी. तो तुकडा नमुना म्हणून दिल्यास ऑडॅसिटी पंख्याची घरघर ओळखून कमी करते. हा उपाय बेताने योजावा. अन्यथा आवाजही विद्रूप होतो. जात्याची घरघर मात्र गायनाचाच भाग असल्याने ती काढू नये.

मूळ मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात जतन करावे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट व एकमार्गी मुद्रणास मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. ६४ किलोबिटच्या 'एमपी-थ्री' प्रतीस अर्ध्या मेगाबाइटहूनही कमी. पहिली प्रत संग्रहासाठी, दुसरी वर्गात ऐकविण्यासाठी. ऑडॅसिटीची प्रकल्प-फाइल म्हणजे ध्वनिफीत नव्हे, ही बाब विद्यार्थ्यांच्या प्रारंभीच लक्षात आणून द्यावी. काम संपल्यावर ध्वनिफीत स्वतंत्रपणे निर्यात न केल्यास इतर साधनांवर ती ऐकता येत नाही. प्रत्येक फितीसोबत गायिकेने मान्य केलेले नाव, गाव, दिनांक व ओवीचा युनिकोडमधील पाठ नोंदवावा.

हक्क आणि संमती :
प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार गायिकेस कलावंत म्हणून ५० वर्षांचा हक्क आहे. केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम ३९ नुसार हक्कभंग ठरत नाही. परंतु ते सर्वांसाठी खुले करणे हा निराळा विषय आहे. त्यासाठी लेखी संमती घ्यावी आणि ती घेताना आवाज कोठवर पोहोचेल हे गायिकेला तिच्या बोलीत समजावून सांगावे. सही करता न येणाऱ्या गायिकेची संमती ध्वनिमुद्रित करता येते. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना एकदा दिल्यावर तो परत घेता येत नाही, हेही तिला आधीच कळावयास हवे.

समारोप :
पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली आणि ओवी गाण्याचे निमित्तच सरले. ओव्यांचे शब्द पुस्तकांतून उरतील. पण गळ्यातील हेल, श्वास घेण्याची जागा आणि जात्याची लय ध्वनिफितीखेरीज उरणार नाही. असे मुद्रण पुन्हा करण्याची संधी बहुधा मिळत नाही. म्हणून साधन निवडताना त्याच्या किमतीबरोबरच, ते बंद पडल्यावर विद्यार्थ्यांचे काम कोणाच्या हाती राहील, हा प्रश्न अध्यापकांनी प्रथम विचारणे अगत्याचे आहे.