डिझेल एंजिन सुटते कसे, थांबते कसे?

आगगाडीच्या एंजिनाच्या अंगावर ‘डब्ल्यूडीएम-२’ किंवा ‘झेडडीएम-४ए’ अशी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. प्रत्यक्ष नाही तर निदान चित्रात तरी. ही अक्षरे म्हणजे त्या एंजिनाची थोडक्यात ओळखच असते. पहिले अक्षर दोन रुळांमधील अंतर सांगते. ‘डब्ल्यू’ म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीची ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज आणि ‘झेड’ म्हणजे ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, म्हणजेच आपल्याकडची ‘छोटी लाईन’. दुसरे अक्षर ‘डी’ म्हणजे डिझेल. तिसरे अक्षर ‘एम’ असले, की ते एंजिन प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढणारे आहे असे समजावे. शेवटचा आकडा त्याचा प्रकार सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) स्थानकाने ‘झेड’पासून ‘डब्ल्यू’पर्यंतचा हा प्रवास पाहिला आहे. गोंदिया, वडसा, नागभीड, चांदा फोर्ट हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने छोट्या लाईनीचा म्हणून बांधला. १९०८ च्या सुमारास त्यावर गाड्या धावू लागल्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी मात्र २०१९ पर्यंत चालू होती आणि ती झेडडीएम जातीची डिझेल एंजिने ओढीत होती. आज वडशावरून विजेच्या तारा गेल्या आहेत. जुन्या डिझेल एंजिनांचा काळ सरला. पण त्या एंजिनांपुढे जे प्रश्न होते ते पदार्थविज्ञानाचे असल्यामुळे अजून तसेच आहेत. त्यांतला एक प्रश्न तर या भागातील वाघांच्या आणि माणसांच्याही जिवाशी निगडित आहे.

प्रथम पाहू, डिझेलची गाडी जागेवरून हलते कशी?

वाफेच्या एंजिनाला ही अडचण नव्हती. बाष्पकात वाफ दाबाखाली तयारच असे. झडप उघडली, की चाक स्थिर असतानाही दट्ट्यावर पूर्ण जोर बसे. डिझेल एंजिनाचे तसे नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. त्यात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतक्या जोराने दाबतो, की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. हे घडायचे तर एंजिन ठरावीक गतीने फिरत राहिलेच पाहिजे. गती फार कमी झाली, की ते बंद पडते. म्हणजे एंजिन फिरते आहे आणि चाके मात्र जागच्या जागी आहेत. या दोघांची गाठ घालायची कशी?

मालमोटारीत हे काम क्लच करतो. त्याच्या तबकड्या क्षणभर एकमेकींवर घासतात आणि मग जुळतात. पण काही शे टनांची आगगाडी हलेपर्यंत तबकड्या घासत राहिल्या तर त्या जळूनच जातील. म्हणून अभियंत्यांनी दोन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती समजण्यासाठी टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच पंखा सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागलेला दिसेल. दोघांमध्ये कोठेही जोडणी नाही, दुसरा पंखा हाताने धरून ठेवला (तो मात्र बंद असावा आणि पाती थांबलेली असावीत!), तरी पहिला बिनदिक्कत फिरतच राहील. हवेच्या जागी तेल घ्या आणि पंखे एका बंद पेटीत बसवा, म्हणजे डिझेल-हायड्रॉलिक एंजिनाचे मर्म तुमच्या हाती आले. पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेली ७०० अश्वशक्तीची झेडडीएम-४ए एंजिने याच जातीची. या तेलाच्या चक्रात थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती वाचवण्यासाठी सुरुवातीला तेलाचे चक्र आणि वेग आल्यावर सरळ जोडणी अशी योजना मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने केली. ती ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ओळखली जाते. सुरी यांना १९६२ चा भटनागर पुरस्कार मिळाला होता.

दुसरी युक्ती डब्ल्यूडीएम-२ मध्ये होती. यात डिझेल एंजिन चाकांना फिरवतच नाही. ते जनित्र फिरवते, जनित्र वीज निर्माण करते आणि त्या विजेवर प्रत्येक आसाजवळची मोटर चालते. एकूण आस ६ आणि मोटरीही ६. चाकांवर चालणारे वीजघरच म्हणा ना! २६०० अश्वशक्तीचे हे एंजिन अमेरिकेतील आल्को कंपनीच्या आराखड्यावरून जानेवारी १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागले आणि पुढे कित्येक वर्षे भारतीय रेल्वेचा मोठा भार त्याने वाहिला.

आता तुम्ही म्हणाल, अश्वशक्ती वाढवली की ओढही वाढेल. इथेच घर्षण आडवे येते. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकते ती जागा जेमतेम नखाएवढी. तेथील घर्षण कोरड्या रुळावर वजनाच्या साधारण एकचतुर्थांश धरता येते. डब्ल्यूडीएम-२ चे वजन सुमारे ११३ टन आणि त्याची सर्व चाके ओढणारी. म्हणजे त्याची ओढ फार तर २८ टन वजनाइतकी. याहून जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी गरगरतील. म्हणून तर पावसात चालक चाकांपुढे वाळू सोडतो.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. २६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १९४० किलोवॉट; २८ टनांची ओढ म्हणजे सुमारे २७४ किलोन्यूटन. भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५ किलोमीटर. वाटेतले नुकसान जमेस धरले तर याहूनही कमी. त्यापुढे वेग वाढतो तसतशी ओढ कमी होत जाते. प्रवासी गाडी स्थानकातून सुटताना प्रथम जड जड का चालते, याचे हे कारण आहे.

आता दुसरी बाजू. घर्षण कमी असल्यामुळेच आगगाडी थोड्या इंधनात मोठा भार नेते. पण त्याच कारणाने ती चटकन थांबू शकत नाही. ब्रेक फार करकचून लावले तर चाके अडकतात आणि गाडी रुळावरून घसरत पुढे जाते. समजा, ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो. मग अंतराच्या सूत्रात एक गंमत होते: सेकंदातील वेगाचा वर्ग केला, की थांबण्याचे अंतर मीटरमध्ये मिळते. छोटी गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने जात असेल तर ती १०० मीटरवर थांबेल. ब्रॉडगेजची गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जात असेल तर तिला ४०० मीटर लागतील. वेग दुप्पट, अंतर चौपट!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात या ४०० मीटरांचा अर्थ काय होतो? वळणावर, झाडीत, रात्रीच्या अंधारात चालकाला तेवढे पुढचे दिसतेच असे नाही. आणि दिसले तरी ब्रेक लावल्यानंतर गाडी पुढे ४० सेकंद चालतच राहते. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच बल्लारशा-गोंदिया मार्गावर चंद्रपूरजवळच्या जंगलात वाघाचे ३ बछडे गाडीखाली सापडून मेले. रुळांशेजारून पायवाट काढणाऱ्या माणसालाही हेच गणित लागू आहे. डिझेलचा धडधडाट लांबून ऐकू येई. विजेचे एंजिन त्या मानाने मुकाट्याने येते. जंगलातील पट्ट्यात वेगावर मर्यादा घालणे, प्राण्यांसाठी रुळांखालून वाट ठेवणे या मागण्यांमागे हाच वर्गाचा नियम आहे. ताशी ७२ ऐवजी ३६ किलोमीटरने गाडी नेली तर २ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त १०० सेकंद जास्त लागतात, हेही तुम्हीच करून पाहा.

वडशाहून गडचिरोलीकडे सुमारे ५२ किलोमीटरचा नवा लोहमार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. म्हणजे हा प्रश्न आणखी काही गावांच्या दाराशी येणार आहे.

जुनी छोटी एंजिने पाहायची असतील तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. आणि प्रयोग करायचा असेल तर पुढच्या प्रवासात डब्यात बसून, हात बाहेर न काढता, खिडकीतून रुळांकडेचे किलोमीटरचे दगड पाहा. दोन दगडांमध्ये किती सेकंद गेले ते मोजा, १००० ला त्या संख्येने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. आपली गाडी आता किती मीटरांवर थांबू शकेल ते कळेल. मग खिडकीतून पुढे तेवढे अंतर कोठवर जाते याचा अंदाज घ्या. फाटक बंद असताना खालून वाकून जाणाऱ्या मित्राला सांगण्यासाठी तो आकडा उपयोगी पडेल.