धंद्याची उधारी आणि तबियतीची उधारी

मालेगावच्या बाजारात दोन व्यापारी भेटले की पहिला प्रश्न सुताच्या भावाचा आणि दुसरा अडकलेल्या रकमेचा. तबियतीची चौकशी झालीच तर उत्तर ठरलेले : "ठीक आहे, चालले आहे." आम्हीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत आलो. ते खोटे होते हे आम्हाला उशिरा कळले. व्यापारी आणि कारीगर बंधूंना ते वेळेवर कळावे, म्हणून हे चार शब्द.

आमच्या धंद्याची रीत वाचकांना ठाऊक आहे. सुताचे पैसे लवकर द्यावे लागतात. कोरे कापड दलालामार्फत विकले जाते, रंगाई-छपाईसाठी पाली-बालोतऱ्याकडे जाते, आणि त्याचे पैसे मात्र थोडे थोडे करून येतात. तोपर्यंत मजुरी थांबत नाही, विजेचे बिल थांबत नाही. सौद्याच्या दिवशीचा भाव कापड उतरेपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. नफा कागदावर आणि फिकीर डोक्यात, अशी अवस्था.

शरीर काय करते?

संकट दिसले की शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. मूत्रपिंडावरच्या लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर सोडली जाते. समोर साप असेल तर याचा उपयोग आहे. पण न वटलेल्या चेकपुढे ना लढता येते, ना पळता येते. साप निघून जातो, उधारी जात नाही. मग झोप तुटते, पित्त वाढते, चहा-तंबाखूचा आधार घेतला जातो, चालणे-फिरणे सुटते. तंबाखूने तर नाडी आणि रक्तदाब आणखी चढतात. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही, हाच मोठा धोका.

आमच्यावर बेतले ते

8 नोव्हेंबर 2016 ला मोठ्या नोटा बंद झाल्या. मजुरी रोखीने देण्याची आमची पद्धत, आणि रोख मिळेना. माग थांबू लागले. त्यातच बाहेरगावच्या एका पार्टीकडे आमची मोठी रक्कम अडकली. रात्री दोन वाजता उठून वही उघडायची, तेच आकडे पुन्हा मांडायचे, असा क्रम झाला. 2017 च्या सुरुवातीला दात काढायला गेलो, तर डॉक्टरांनी आधी रक्तदाब पाहिला. 170/110 निघाला. दात राहिला बाजूला, गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिन्यांनी बरे वाटले, म्हणून आम्ही आपल्याच मनाने गोळ्या सोडल्या. पुढे एका सकाळी दुकानात बिल लिहिताना हातातून पेन गळाले. गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायचे होते, तोंडातून शब्द निघेना. अर्ध्या तासात सारे पूर्ववत झाले. मुलाने ऐकले नाही, तसाच दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "सेठ, ही वसुलीची नोटीस आहे. पुढच्या वेळी जप्ती येईल."

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती इलाजात वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे आपोआप गेली तरी तपासणी चुकवू नये.

आता आम्ही काय करतो?

दुकान बंद करताना एका कागदावर दोन खाने पाडतो. एकात उद्या करता येण्यासारखे काम : कोणाला फोन, कोणाकडे माणूस पाठवणे. दुसऱ्यात आपल्या हातात नसलेले : सुताचा भाव, वीज, पाऊस. कागद गल्ल्यात ठेवतो, घरी नेत नाही. पहिल्या महिन्यातच रात्रीची झोप पुष्कळ सुधारली.

फजरनंतर अर्धा तास झपाझप चालतो. आठवड्यातून पाच दिवस चालले तरी 150 मिनिटे होतात आणि डॉक्टर तेवढेच सांगतात. जुम्याला माग बंद असतात, पण आम्ही त्या दिवशी थकबाकीची वही काढून बसत असू. आता तो दिवस घरच्यांचा. चहा आठ कपांवरून तीनवर आणला, तंबाखू सोडली, लोणचे-पापड कमी केले. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. रक्तदाब महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहितो, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडत नाही.

खरा इलाज मात्र मुळावर. प्रत्येक पार्टीची उधारीची मर्यादा ठरवली. ती ओलांडली की माल नाही, मग तो जुना दोस्त का असेना. धंदा थोडा घटला, फिकीर निम्मी झाली. कापड विणणाऱ्या लहान उद्योगांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे ठरल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात.

कारीगराचा ताण

आपला ताण उधारीचा, तर कारीगराचा ताण पुष्कळदा आपणच दिलेला असतो. बारा तास उभे राहणे, मागांचा खडखडाट, रात्रपाळी, आणि वर मजुरी कधी मिळेल याची चिंता. कानात घालायचे बोळे फार महाग नसतात, ते मालकाने द्यावेत. मजुरी ठरल्या दिवशी द्यावी. आपल्या पार्टीने आपल्याला थांबवले म्हणून आपण त्याला थांबवू नये. आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे.

मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते लपवू नये. 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. फोन करण्यात कमीपणा नाही.

बंधूंनो, अडकलेली रक्कम आज ना उद्या येईल, कदाचित बुडेलही. बुडालेली रक्कम आम्ही पुन्हा कमावली आहे. पण त्या सकाळी गळालेले पेन पुन्हा हातात धरता आले, ही कमाई आमची नव्हती. या आठवड्यात बाजारात कोणी भेटले तर भाव नंतर विचारा. आधी विचारा, रक्तदाब कधी मोजला होता?