‘गोंधळ’, तक्रार आणि नियम

तुळजापूरच्या एखाद्या रहिवाशाने नगरपरिषदेकडे “आमच्या गल्लीत रात्रभर गोंधळ चालतो” असा अर्ज केला, तर त्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. तुळजाभवानीच्या उपासनेत गोंधळी संबळाच्या साथीने रात्री घालतात तो गोंधळ. आणि गलबला, अव्यवस्था या अर्थीही मराठीत हाच शब्द रूढ आहे. धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात हे द्व्यर्थित्व केवळ कोशापुरते राहत नाही.

नियमाला मात्र हा भेद अप्रस्तुत आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाप्रमाणे वाद्यांनाही उघड्यावर मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागा व सार्वजनिक आपत्ती हे अपवाद होत. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्यशासन वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. संबळ भक्तीने वाजला की हौसेने, हे तेथे कोणी विचारीत नाही.

निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती १० वा अधिक डेसिबलने ओलांडली गेली, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला, तर नागरिकास तक्रार करता येते. या वाक्यातील ‘किंवा’ फार मोलाचा आहे. मर्यादेच्या तक्रारीला मापनयंत्र लागते. रात्रीच्या निर्बंधाच्या तक्रारीला घड्याळ पुरते. परंतु झोप मोडलेला माणूस लिहावयास बसला की त्याची लेखणी ‘कर्णकर्कश’, ‘असह्य’, ‘दणदणाट’, ‘कानठळ्या’ अशा शब्दांकडे वळते. असल्या शब्दांची मराठीत चणचण नाही. ते कानाची व्यथा सांगतात. वेळ सांगत नाहीत.

दुसरी अडचण पत्त्याची. जवळचे कार्यालय म्हणून अर्ज नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जातो. पण ‘प्राधिकरण’ या संज्ञेच्या व्याख्येत नावाने येतात ते जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त आणि पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला नियुक्त अधिकारी. स्थानिक संस्थांचा उल्लेख येतो तो विकासाचे नियोजन करताना ध्वनीचा विचार करावा, एवढ्यापुरता. त्यामुळे अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्याकडे धाडावा लागतो, आणि दरम्यान उत्सव उरकतो. ‘तक्रार’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ ‘पुनरावृत्ती’ असा आहे. अर्जदाराला तो येथे अनुभवास येतो.

“दिनांक अमुक, रात्री १० वाजून ४० मिनिटे, अमुक चौक, उघड्या मंडपात ध्वनिक्षेपक चालू होता” असे लिहून अर्ज थेट पोलीस उपअधीक्षकांकडे दिला, तर त्यात गुणविशेषण एकच उरते: ‘उघड्या’. नियमाला नेमके तेवढेच हवे असते.