डिजिटायझिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी सॉफ्टवेअर ठरवा

एम्ब्रॉयडरीच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "सर, डिजिटायझिंगला कॉम्प्युटर कोणता घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो, सॉफ्टवेअर कोणतं वापरणार? विल्कॉम एम्ब्रॉयडरीस्टुडिओ विंडोजसाठी बनवलेलं आहे. त्यासाठी मॅकबुक घेतलंत, तर काम सुरू व्हायच्या आधीच जुगाड करत बसावं लागेल. इंकस्केपमध्ये चालणारं इंक/स्टिच मात्र मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नुसतं शिकायचं असेल तर घरात आहे त्याच कॉम्प्युटरवर ते टाका. पैसे मशीनसाठी राहू द्या.

दुकानदार हमखास गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारायला बघतो. जरा हिशेब करू. मशीनला जाणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये एका टाक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे ब्लाउजच्या पाठीचं ३०,००० टाक्यांचं डिझाइन झालं साधारण ९० केबी! एवढ्यासाठी महागडं कार्ड कशाला? आय-५ किंवा रायझन-५, त्यातलंच ग्राफिक्स आणि एसएसडी, बास. रॅम ८ जीबीवर काम भागतं, पण कोरल ड्रॉ, क्रोम आणि व्हॉट्सॲप वेब एकदम उघडं ठेवणारे आपण सगळेच, म्हणून १६ घ्या.

वाचलेले पैसे स्क्रीनला लावा. भरणीत दोन टाक्यांच्या ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असतं. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर ते बघायला सारखं झूम करावं लागतं आणि मग अख्खं डिझाइन नजरेसमोर राहत नाही. २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या. सोबत यूपीएस हवाच, आपल्याकडची लाइट तुम्हाला माहितीये.

आता सेकंड-हँडबद्दल, कारण भांडवल इथेच अडकतं. "आय-५ आहे" एवढ्यावर भुलू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी नंबरवरून कळते: आय-५ ६५०० म्हणजे सहावी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. सहावीवाला स्वस्त का मिळतोय, ते आता लक्षात आलं असेल.

काहीजण वर क्रॅक सॉफ्टवेअर 'फ्री' टाकून देतात आणि अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात. त्याच कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंग, जीएसटीचं लॉगिन आणि गिऱ्हाइकांची डिझाइन्स असणार आहेत. सरळ नको म्हणा.

पैसे देण्याआधी दुकानातच कॉम्प्युटर चालू करून सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये 'अबाउट' उघडा. तिथे दिसणारा प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम बिलावर लिहून घ्या, सोबत वॉरंटीची तारीखही.