कविता पोचते, कवीचे नाव गळते

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. मराठी भाषा गौरव दिन म्हणून सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कविता येऊ लागतात. कुणी मागे सूर्योदयाचे चित्र लावतो, कुणी खाली आपल्या संस्थेचे नाव टाकतो आणि या हातातून त्या हातात जाताना कवीचे नाव गळून पडते. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचे आहे, एवढीच त्याची समजूत असते.

ती चुकीची आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूचे वर्ष संपल्यावर आणखी ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११पासून सर्वांना खुली झाली. कुसुमाग्रज गेले १९९९मध्ये आणि सुरेश भट २००३मध्ये. त्यांच्या कवितांवरचे हक्क अनुक्रमे २०५९ आणि २०६३च्या अखेरपर्यंत शाबूत आहेत.

मग खाली ‘साभार’ लिहिले की झाले? नाही. साभार म्हणजे परवानगी नव्हे. मात्र नाव गाळणे हा त्याहून वेगळा आणि जास्त बोचणारा अन्याय आहे. कलम ५७प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये, हा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९मध्ये उतरवले गेले, त्यात त्याची हानी झाली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प सेहगल यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

सोशल मीडियावर टाकलेला फोटो कुणीही उचलावा, हाही असाच एक समज. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी आपले फोटो ट्विटरवर टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते त्यांच्या परवानगीशिवाय वापरले, गेटी इमेजेसमार्फत जगभर पोचवले. ट्विटरच्या अटींमुळे आपल्याला ती मुभा होती, हा एएफपीचा बचाव टिकला नाही. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर मंजूर केले.

रील करणाऱ्यांमध्ये ‘३० सेकंदांपर्यंत गाणे चालते’ हे वाक्य फार फिरते. आपल्या कायद्यात सेकंदांचा असा हिशेब कुठेही नाही. खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा कामांसाठी कलम ५२ रास्त वापराला वाव देते. सिनेमाच्या परीक्षणात दाखवलेला दहा सेकंदांचा प्रसंग त्यात बसू शकतो. साड्यांच्या जाहिरातीला लावलेले दहा सेकंदांचे गाणे बसणार नाही.

कल्पनेवर मात्र कुणाचाच हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये हेच सांगितले. त्यामुळे सासू-सुनेच्या भांडणावर कुणीही रील करावी. दुसऱ्याचे संवाद जसेच्या तसे उचलू नयेत.

लग्नाच्या फोटोंबाबतचा नियम अनेकांना चकित करतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा ग्राहक असतो.

आणि नोंदणी? ती सक्तीची नाही, कृती घडताच हक्क जन्मतो. वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. नव्या कवीने निदान तारखेसह मूळ फाइल जपून ठेवावी. कविता चोरीला गेली, तर फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्याकडे कॉपीराइटच्या तक्रारीसाठी स्वतंत्र फॉर्म आहे.