तीन डेसिबलचे जंगल

पावसाळ्यात आंबोलीला किंवा भीमाशंकरला दोन दिवस निवांत जाऊन आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: जंगल हिरवेगार होते, पण प्राणी काही दिसला नाही. तक्रार खरी, पण तिचे कारण प्राण्यांच्या अभावात शोधू नये. सह्याद्रीतले दाट जंगल म्हणजे ताडोबाचे मोकळे रान नव्हे. धुके, वेली आणि पानांच्या दाटीत नजर पंधरा-वीस पावलांवर अडते, आणि तिथून पुढचे जंगल कानांनीच पाहावे लागते. शेकरू दिसण्याआधी शेंड्यांमधून त्याचा खडखडाट ऐकू येतो, बिबट्याची चाहूल भेकराच्या भुंकण्यातून किंवा वानरांच्या खाकरण्यातून लागते, ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर तर आधी शीळ वाजवतो आणि दिसलाच तर मग दिसतो. डोंगरात शांत राहणे याला आपण शिष्टाचार समजतो. माझ्या मते ते निरीक्षणाचे साधन आहे, आणि सह्याद्रीत तरी दुर्बिणीहून अधिक कामाचे.

याला साध्या भौतिकशास्त्राचा आधार आहे. मोकळ्या जागेत उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. हाच हिशेब उलटा मांडून पाहा. भोवतालचा गोंगाट फक्त ३ डेसिबलने कमी झाला, तर तोच पक्षी सुमारे १.४ पट लांबून ऐकू येतो, म्हणजे आपल्याभोवतीच्या श्रवणवर्तुळाचे क्षेत्रफळ दुप्पट होते. (झाडोरा आवाज शोषून घेतो, त्यामुळे प्रत्यक्षातला लाभ थोडा कमी भरेल.) कॅलिफोर्नियातल्या म्यूर वूड्स या रेडवूड वृक्षांच्या जंगलात नुसत्या ‘शांतता राखा’ अशा पाट्या लावून मोजमाप केले गेले, तेव्हा आवाज जवळपास तेवढाच उतरला. ना दंड, ना पहारा.

गोंगाटाचा परिणाम आपल्या कानांपुरता राहत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात संशोधकांनी रस्ता नसलेल्या एका डोंगरधारेवर अर्धा किलोमीटरभर स्पीकर लावून केवळ वाहतुकीचा आवाज ऐकवला. गाडी नाही, धूर नाही, माणूस नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिथल्या पक्ष्यांची संख्या चौथाईहून अधिक घटलेली आढळली. पुढच्या अभ्यासात असेही दिसले, की मागे राहिलेल्यांपैकी काही पक्ष्यांच्या अंगावर स्थलांतरासाठी लागणारा साठा पुरेसा चढत नव्हता. कारण समजण्यासारखे आहे: शिकारी पक्ष्याची चाहूल कानांना लागत नसेल, तर दर घासामागे मान वर करून पाहावे लागते, आणि तेवढे खाणे कमी होते.

यावर कोणी म्हणेल, पावसाळ्यात धबधबा कोणत्या स्पीकरपेक्षा कमी गर्जतो? त्याच्या शेजारी प्राणी राहतातच ना? राहतात, पण कशा तयारीने तेही पाहायला हवे. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या खळाळत्या ओढ्यांतले नाचरे बेडूक मागचा पाय ताणून झेंड्यासारखा हलवतात, कारण पाण्याच्या आवाजात नुसत्या हाकेचा भरवसा नसतो. असा बदल घडायला असंख्य पिढ्या जातात. गाडीच्या डिकीतला स्पीकर घाटात आला तो गेल्या काही दशकांत. माकडे तर गर्दीतच येतात, हा दुसरा आक्षेप. ती येतात आपल्या हातातल्या कणसासाठी. आपल्या उष्ट्यावर जगता येणारे प्राणी मोजकेच, आणि त्यांना पाहायला एवढा घाट चढण्याची गरज नाही.

मलबार उडत्या बेडकाला नाचऱ्या बेडकांसारखी खुणेची सोय नाही. पावसाळी रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून नर हाक देतो, मादी त्या हाकेच्या रोखाने येते, आणि पानांवर फेसाचे घरटे होते. अंधारात त्याचा ठावठिकाणा तिला कळतो तो मुख्यतः त्या हाकेवरून. हाका सुरू होतात दिवेलागणीनंतर, नेमक्या त्याच वेळी रिसॉर्टच्या गच्चीवर गाणी लागतात.